संदेशात ऐकलेली शिकवण वचनातून कशी पडताळावी: इंदूरच्या मराठी ख्रिस्ती घरांसाठी

आपल्या इंदूरच्या मराठी ख्रिस्ती घरांत एका आठवड्यात किती बाजूंनी शिकवण येते ते पाहा. रविवारी चर्चमध्ये हिंदीतून संदेश. मधल्या वारी कुणाकडे तरी प्रार्थनासभा, तिथं निम्मं हिंदी, निम्मं मराठी. पुण्या-नगरच्या नातेवाइकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली, फुलांच्या चित्रावर छापलेली वचनं. आणि रात्री यूट्यूबवर दूरच्या एखाद्या सेवकाची लांबलचक सभा. या सगळ्यांच्या हातात पवित्र शास्त्र एकच असतं आणि प्रत्येक जण वचन काढूनच बोलतो. गोंधळ होतो तो त्यामुळेच. वचन तर तिथं लिहिलेलं आहे, मग सांगणारा चुकेल कसा?

याचं उत्तर खुद्द शुभवर्तमानात आहे. मत्तयच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर उभं करतो आणि खाली उडी टाकायला सांगतो, तेव्हा तो स्तोत्र ९१ मधलं वचन म्हणून दाखवतो. वचन खरं आहे, त्यावरून काढलेली आज्ञा खोटी आहे. येशू त्या स्तोत्राला नाकारत नाही. ‘असंही लिहिलेलं आहे’ म्हणून तो जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकातलं ६:१६ पुढे ठेवतो: परमेश्वराची परीक्षा पाहू नको. शिकवण पडताळण्याची सगळी रीत या दोन-चार ओळींत आली. वचन एक, आणि त्या वचनावर उभं केलेलं म्हणणं दुसरं. दोन्ही वेगळी धरता आली की पुढचं काम सोपं होतं.

पाळकसाहेबांचं बोलणं तपासायचं म्हणजे उद्धटपणा, अशी भीती अनेकांना वाटते, विशेषतः घरातल्या सुनांना आणि तरुण मुलांना. त्यांनी प्रेषितांची कृत्ये १७:११ वाचावं. बिरुया गावात बोलणारा साक्षात पौल होता. तिथल्या लोकांनी त्याचं वचन मोठ्या उत्सुकतेनं ऐकलं, आणि तो सांगतो ते तसंच आहे का हे ते रोज शास्त्रात शोधत राहिले. हे पुस्तक लिहिणारा लूक याबद्दल त्यांना थेस्सलनीकाच्या लोकांपेक्षा मोठ्या मनाचे म्हणतो. ऐकण्याची ओढ आणि तपासण्याची सवय अशा दोन्ही गोष्टी त्यांच्याकडे होत्या. पुढे त्याच थेस्सलनीकाच्या मंडळीला पौल स्वतः लिहितो: सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते बळकट धरा.

आपल्या मराठी लोकांत याचा मोठा दाखला पंडिता रमाबाईंचा आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथं त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण तिथल्या मठातल्या भगिनींनी सांगितलं म्हणून एखादं मत त्यांनी मुकाट्यानं मान्य केलं नाही. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टानं सुटले आहे, आता दुसऱ्याच्या जोखडाखाली जाणार नाही, अशा आशयाचं त्यांनी स्पष्ट लिहिलं. पुढे त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या. दोन वर्षांनी केडगावच्या मुक्ती मिशनमधून तो संपूर्ण अनुवाद छापून बाहेर पडला. एवढे कष्ट आपल्याला घ्यायचे नाहीत. पण ज्या प्रश्नावर आपला पैसा, औषध, लग्न किंवा घरातली शांतता अवलंबून आहे, त्यावर चार संध्याकाळ तरी बसलं पाहिजे.

हाताशी काय हवं

घरातलं मराठी पवित्र शास्त्र, चर्चमध्ये वापरतो ते हिंदी, एक दोनशेपानी वही आणि पेन्सिल. वही खजुरी बाजारातून आणा नाहीतर मुलांची उरलेली घ्या. मोबाइलवर शब्द शोधता येतो, ती सोय उत्तम आहे, पण वाचन शक्यतो छापील प्रतीतून करा. पडद्यावर तेवढं एक वचन दिसतं. छापील पानावर त्याचे शेजारीही दिसतात, आणि आपल्याला गरज शेजाऱ्यांचीच आहे.

प्रोटेस्टंट प्रतीत ६६ पुस्तकं असतात, कॅथलिक प्रतीत ७३. घरात दोन्हीकडचे नातेवाईक असतील तर हा फरक आधीच ठाऊक असावा, म्हणजे ‘हे पुस्तक आमच्यात नाहीच’ यावर संध्याकाळ वाया जात नाही. कॅथलिक घरांत शास्त्राबरोबर चर्चची परंपरा आणि अधिकृत शिकवणही प्रमाण असते. तरीही वचन संदर्भासह वाचण्याची रीत त्यांनाही जशीच्या तशी उपयोगी आहे.

पहिलं काम: म्हणणं उतरवून घ्या

संदेश ऐकला त्याच दिवशी, आठवण ताजी असताना, डाव्या पानावर बोलणाऱ्याचं वाक्य त्याच्याच शब्दांत लिहा. उजव्या पानावर त्यानं दिलेली वचनं, अध्याय आणि ओळीसकट. आपलं मत अजून लिहायचं नाही. बोलणाऱ्याच्या तोंडी आपले शब्द घालून मग ते खोडून काढणं हा अन्याय आहे. दहा आज्ञांपैकी खोट्या साक्षीची आज्ञा इथंही लागू होते.

एक उदाहरण घेऊन पुढं जाऊ, आणि मुद्दाम गंभीर घेऊ. प्रार्थनासभेत कुणी सांगितलं: ‘देवाच्या लेकरानं आजारी राहणं ही देवाची इच्छा नाही. त्याच्या जखमांनी आपण बरे झालोच आहोत. विश्वास असेल तर गोळ्या सोडून द्या.’ आधार दिला यशया ५३:५ आणि १ पेत्र २:२४ चा. समोर बसलेल्या मावशींना मधुमेह आहे.

तपास पूर्ण होईपर्यंत मावशींची एकही गोळी, इन्सुलिनचा एकही डोस चुकता कामा नये. हे त्यांना त्याच रात्री फोन करून सांगा. अभ्यास त्यानंतर.

आता ते वाक्य फोडा. त्यात तीन वेगळी म्हणणी आहेत. देव आजार बरे करतो, हे एक. प्रत्येक विश्वासणाऱ्याला प्रत्येक आजारातून आत्ताच बरं होण्याची हमी आहे, हे दुसरं. औषध घेणं म्हणजे अविश्वास, हे तिसरं. पहिलं ऐकून आपण ‘आमेन’ म्हणतो आणि त्याच ओघात उरलेली दोन गिळून टाकतो. वहीत तिघांना तीन ओळी द्या.

दुसरं काम: वचनाच्या मागंपुढं वाचा

अध्यायांचे आकडे तेराव्या शतकात आले आणि नव्या करारातल्या ओळींचे आकडे १५५१ साली रोबेर एस्तियेन या छापखानेवाल्यानं घातले. पेत्रानं लिहिलं ते सलग पत्र. आकडे जागा सापडावी म्हणून आहेत. अर्थ आकड्यापाशी संपत नाही.

म्हणून १ पेत्र २:२४ नुसतं वाचू नका, १८व्या ओळीपासून २५पर्यंत मोठ्यानं वाचा. तिथं कठोर धन्यांच्या हाताखाली अन्याय सोसणाऱ्या चाकरांशी पेत्र बोलतो आहे. ख्रिस्तानंही सोसलं, तुम्हाला कित्ता घालून दिला, असं तो म्हणतो. ख्रिस्तानं आपली पापं वाहिली ती आपण पापाला मरून नीतिमत्त्वासाठी जगावं म्हणून. आणि लगेच पुढं: तुम्ही मेंढरांसारखे भटकत होता, आता परत फिरला आहात. इथलं बरं होणं म्हणजे पापातून परत फिरणं. चाकरांना पाठीवरचे वळ नाहीसे होतील असं आश्वासन पेत्र देत नाही.

तपास इथं थांबवणं आपल्याला सोयीचं आहे, पण ते प्रामाणिकपणाचं नाही. मत्तय ८:१६-१७ काढा. येशूनं दुखणाइतांना बरं केलं तेव्हा मत्तय यशया ५३:४ आठवतो. म्हणजे यशयाच्या त्या अध्यायाचा शरीराच्या आजाराशी संबंधच नाही, असं म्हणता येत नाही. सेवकाच्या बाजूचा हा पुरावा त्यानं दिला नसला तरी वहीत आपण लिहायचा. समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा नीट मांडता आली, तर आपला निर्णय टिकतो.

तिसरं काम: ‘असंही लिहिलेलं आहे’

आता त्याच विषयावर शास्त्र आणखी कुठं बोलतं ते शोधायचं. समासातले संदर्भ, मोबाइलवरचा शब्दशोध आणि मंडळीतली जुनी, वाचलेली माणसं, तिन्ही कामाला लावा.

पहिल्या म्हणण्याला शास्त्राचा भरभक्कम आधार सापडतो. शुभवर्तमानं बरं करण्याच्या घटनांनी भरलेली आहेत आणि याकोब ५:१४ आजाऱ्याला स्पष्ट सांगतो की मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. आपल्याकडे हे कमीच होतं, खरं तर जास्त व्हायला हवं.

दुसरं म्हणणं मात्र डगमगतं. पौल तीमथ्याला त्याच्या वारंवारच्या दुखण्यांसाठी आणि पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो (१ तीमथ्य ५:२३). आपला सोबती त्रफिम याला तो मिलेतात आजारी सोडून येतो (२ तीमथ्य ४:२०). त्याचा दुसरा सोबती एपफ्रदीत मरणाच्या दारी पोचला होता, देवानं दया केली (फिलिप्पै २:२७). गलतीकरांकडे आपण पहिल्यांदा शुभवर्तमान सांगितलं ते शरीराच्या दुखण्यामुळे, असं पौल स्वतः लिहितो (गलती ४:१३). यांतल्या एकालाही ‘तुझा विश्वास कमी पडला’ असं कुणी म्हटलेलं नाही. आणि योहान ९ मध्ये जन्मांध माणसाकडे पाहून शिष्य विचारतात, कुणाचं पाप? येशू म्हणतो, याचंही नाही, याच्या आईबापांचंही नाही. मावशींच्या कानांवर हे वचन आधी पडलं पाहिजे.

तिसरं म्हणणं तर उभंच राहत नाही. हिज्कीया राजाला आयुष्याची पंधरा वर्षं वाढवून देण्याचं वचन देवानं दिलं, आणि त्याच प्रसंगी यशयानं गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला (यशया ३८). वचन आणि लेप एकाच संदेष्ट्याकडून. लूकला पौल प्रिय वैद्य म्हणतो (कलस्सै ४:१४). वैद्याची गरज निरोग्यांना नाही, दुखणाइतांना आहे, हे येशूचे शब्द आहेत (मत्तय ९:१२).

इथं कुणीतरी आसा राजाचं नाव काढेलच. २ इतिहास १६:१२ मध्ये तो पायांच्या रोगात परमेश्वराला शरण न जाता वैद्यांकडे गेला असं आहे. तो अध्याय पहिल्या ओळीपासून वाचा. आसानं परमेश्वराच्या मंदिरातलं सोनं-रुपं अरामाच्या राजाला देऊन त्याची मदत विकत घेतली. त्याबद्दल द्रष्टा बोलला तर त्याला कैदेत टाकलं. देवाकडे पाठ फिरवल्याची ही गोष्ट आहे. औषध घेऊ नये, अशी आज्ञा तिच्यात कुठेही नाही.

तेव्हा वहीत निकाल असा: बरं होण्यासाठी मंडळीनं प्रार्थना करावी, हे शास्त्रात आहे. सगळेच आत्ता बरे होतील ही हमी शास्त्रात सापडत नाही. औषध सोडा, हे शास्त्राविरुद्ध आहे. एकाच संदेशाला तीन वेगळे निकाल लागले. बहुतेक वेळा असंच होतं, आणि म्हणून ‘तो सेवक खरा की खोटा’ असा एका झटक्यात कौल देऊ नये.

बोलतोय कोण, कुणाशी?

शास्त्रात छापलेलं प्रत्येक वाक्य देवाच्या तोंडचं नाही. आपल्याकडे भिंतीवर लावलेल्या वचनांत ईयोब ८:७ असतं: सुरुवात अल्प असली तरी शेवट मोठा होईल. काही सेवक ईयोब २२:२८ वर अख्खी सभा घेतात, तू जे ठरवशील ते सिद्धीस जाईल म्हणून. पहिलं बोलणारा बिल्दद, दुसरं बोलणारा अलीफज. दोघंही ईयोबाला सांगत होते की तुझ्या पापामुळे हे झालं, तू सुधार म्हणजे सगळं परत मिळेल. पुस्तकाच्या शेवटी, ४२:७ मध्ये, परमेश्वर अलीफजाचं नाव घेऊन म्हणतो की तू आणि तुझे दोघे मित्र माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. ईयोबाला शेवटी दुप्पट मिळालं हे खरं, पण मित्रांच्या हिशेबानं नव्हे. घर बांधताना, दुकान उघडताना ही वचनं लावणाऱ्यांचं मन दुखवायची गरज नाही. मात्र त्यांच्यावर शिकवण उभी करता येणार नाही.

यिर्मया २९:११ चंही तसंच. ते वचन बाबेलात कैद होऊन गेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. त्याच्या आधीची ओळ सत्तर वर्षांची मुदत सांगते, आणि त्याआधी घरं बांधा, बागा लावा, त्या शहराचं हित पाहा असं आहे. आदल्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सुटका सांगत होता, आणि तो खोटा ठरला. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी हे वचन पाठवणाऱ्यांनी एकदा सबंध अध्याय वाचावा. त्यातलं सांत्वन जास्त खोल आहे.

नीतिसूत्रांत आणखी एक काळजी. २६व्या अध्यायात चौथी ओळ मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको म्हणते आणि पाचवी म्हणते, दे. प्रसंग पाहून वागायचं शहाणपण असं शिकवलं जातं. त्यातल्या एका ओळीची कायमची हमी करता येत नाही.

दोन भाषांतरं शेजारी ठेवणं इथं कामाला येतं. मराठी आणि हिंदी वाचताना एखादी ओळ वेगळी वाटली, तर तिथं पेन्सिलीनं खूण करा आणि जाणकाराला विचारा. त्या एका शब्दावर आपण होऊन सिद्धान्त बांधू नका. तळटीपाही वाचा. सापांविषयीचं आणि विषाविषयीचं वचन मार्क १६ च्या शेवटच्या ओळींत येतं, आणि चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत महत्त्वाच्या हस्तलिखितांत त्या ओळी नाहीत. अशा ठिकाणावर कुणाचा जीव टांगू नये.

पैशाची शिकवण

दशांशावर, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देण्यावर, संदेश झाला की मलाखी ३:१० येतंच. तीच रीत लावा. मलाखीतली भांडारं ही मंदिराची कोठारं होती, आणि त्यांतून लेव्यांचं, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्यांचं, पोट भरत असे. नहेम्या १३ मध्ये तो वाटा मिळेना म्हणून लेवी आपापल्या शेतांवर निघून गेले. अनुवाद १४ च्या शेवटी दर तिसऱ्या वर्षीचा दशांश लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी आहे. नव्या करारात पौल यरुशलेमातल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करतो तेव्हा प्रत्येकानं मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत किंवा भाग पडलं म्हणून नको, असं सांगतो (२ करिंथ ९:७). आणि त्याच्या आदल्या अध्यायात, ८:२०-२१ मध्ये, एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कुणी बोट ठेवू नये म्हणून तो बरोबर दुसरी माणसं पाठवतो. अर्पणाचा हिशेब विचारणाऱ्याला अविश्वासू म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. उदार हातानं देणं शास्त्रात आहे. ‘इतके द्या म्हणजे इतके परत मिळतील’ हा सौदा मात्र मला तिथं दिसत नाही, आणि उसने काढून देणाऱ्या घरांकडे पाहिलं की जीव तुटतो.

एकट्यानं नको

बिरुयातल्या साध्या घरांत आपल्यासारख्या प्रती नव्हत्या. शास्त्राच्या गुंडाळ्या सभास्थानात असत, तेव्हा तो शोध चारचौघांतच झाला असणार. दोन-तीन घरांनी मिळून बसा. एक जण असा घ्या ज्याला ती शिकवण आवडली आहे आणि एक असा ज्याला खटकली आहे. आपल्याला आवडलेली शिकवण जास्त कडक तपासा, कारण तिथं आपले डोळे आपोआप मिटतात. २ तीमथ्य ४:३ मध्ये कानांची खाज म्हटलं आहे ते आपल्याच कानांबद्दल.

मग बोलणाऱ्याकडे जा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नको, सभेत उठून नको. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांनी अपुल्लो या उपदेशकाला जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला (कृत्ये १८:२६), तशी एखादी संध्याकाळ मागून घ्या. सुरुवात अशी करता येईल: ‘पाळकसाहेब, परवाच्या संदेशातलं हे वचन आम्ही पूर्ण अध्यायासह वाचलं. आम्हाला ते असं दिसतंय. तुम्ही कसं वाचता, समजावून सांगाल का?’ आणि मग खरोखर ऐका. त्यांच्याकडे आपण न पाहिलेला संदर्भ असू शकतो.

कधी उत्तराऐवजी स्तोत्र १०५:१५ येतं: माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका. ते स्तोत्रही वाचा. तिथं देव परक्या राजांना बजावतो आहे की अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्या भटक्या कुटुंबांना छळू नका. प्रश्न विचारण्याची बंदी त्यात नाही. पौलानं केफाला, म्हणजे पेत्राला, अंत्युखियात सर्वांसमोर तोंडावर चूक दाखवली (गलती २:११-१४). वारंवार विचारूनही वचनाऐवजी धमकी किंवा शाप मिळत असेल, तर मंडळीच्या वडिलांकडे जा, आणि तिथंही दार बंद असेल तर त्या सभेला जाणं थांबवा. मत्तय ७ मध्ये येशूनं फळांवरून ओळखायला सांगितलं आहे, आणि धाक हे चांगलं फळ नाही.

काही प्रश्न एवढं करूनही सुटत नाहीत. काय खावं, कोणता दिवस पाळावा, अशा गोष्टींवर रोमच्या मंडळीतही एकमत नव्हतं, आणि पौलानं १४व्या अध्यायात दोन्ही बाजूंना एकमेकांचा न्याय करू नका म्हणून सांगितलं. असा विषय आला की पानाच्या तळाशी ‘अजून ठरलं नाही’ असं तारखेसह लिहा. महिना-दोन महिन्यांनी पान पुन्हा उघडा. तोवर तुम्ही आपल्या विवेकाप्रमाणे वागा, पण प्रार्थनासभेत तो विषय शिकवायला घेऊ नका. शिकवणाऱ्यांचा न्याय अधिक कडक होईल, असं याकोब ३:१ मध्ये आहे.